झिजलेल्या टायरांवर शिरड शहापूरपर्यंत

जानेवारीत मी हिंगोली जिल्ह्यात जाऊन आलो. परतल्यावर आईने फोनवर विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी औंढा नागनाथचं देऊळ सांगितलं. ते पाहिलं होतंच. पण मी तिकडे गेलो होतो गाडीचे टायर निवडायला, आणि हे फोनवर कसं सांगायचं ते मला सुचेना. म्हणून लिहून काढतो आहे.

आधी थोडं समजावून सांगावं लागेल, कारण कॉलेजात येईपर्यंत मलाही यातलं काही माहीत नव्हतं. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पक्क्या पटांगणावर प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडायचे, त्यांच्यामधून नागमोडी वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी त्या वाटेने जमेल तितक्या लवकर बाहेर काढायची. शंकू पडला की दंड. शर्यत फक्त घड्याळाशी. भाग घेणारे बहुतेक हौशी, गाड्या रोजच्या वापरातल्या आणि टायरही साधे रस्त्यावरचेच लागतात.

मी दापोलीकडचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे कुठल्याही घोळक्यात मागे उभं राहायची सवय. संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात गाडीवेड्यांचा एक गट आहे, तिथेही मी मागेच उभा असायचो, टायरमधली हवा मोजत. एक दिवस आमची चालक रेखाताई, जी शेवटच्या वर्षाला आहे, तिने गाडी जॅकवर उचलली, एका चाकाला काळा रंग फासला, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडी अलगद खाली सोडली. पुन्हा उचलली तेव्हा कागदावर जेमतेम माझ्या तळहाताएवढा ठसा होता.

"एवढंच टेकतं जमिनीला," ती म्हणाली. "बाकी सगळी गाडी हवेत समज."

मी तो कागद खोलीवर नेऊन भिंतीला लावला. एवढी मोठी लोखंडी वस्तू, आत माणसं, आणि सगळं चार तळहातांच्या भरवशावर. मग टायरबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि हळूहळू गटातलं टायरचं काम माझ्याकडे आलं.

जानेवारीतली शर्यत शिरड शहापूरजवळ होती. रेखाताईचा बंजारा तांडा तिथून जवळ, औंढ्याच्या डोंगराकडे. परीक्षा झाली की ती नोकरीवर रुजू होणार होती, म्हणजे तिची ही शेवटची शर्यत. आणि तिचे आईवडील ती पहिल्यांदाच पाहणार होते. "पोरगी मोटारीचं शिकून राहिली," एवढंच त्यांना ठाऊक होतं. निघण्याआधी ती मला म्हणाली, "महेश, टायर तू ठरवायचे. मी मधे बोलणार नाही."

जिंतूरच्या पुढे

आम्ही तिघं निघालो: रेखाताई, मी आणि फैजल. फैजल संभाजीनगरचाच, त्याच्या मामांचं गॅरेज आहे आणि त्याचं स्वतःचं तोंड कधी बंद नसतं. गाडीला जुने, अरुंद टायर होते, अर्धे झिजलेले. नवा संच बरोबर घेतला होता, दोन डिकीत आणि दोन टपावर बांधून. तो नवा संच रुंद, मऊ रबराचा, खाचा कमी, बघताक्षणी वेगवान वाटणारा. गावोगाव लोक टपाकडे बघत होते.

जिंतूर मागे पडलं आणि मी काच खाली करून बघतच बसलो. आमच्याकडे दहा पावलांवर झाड, टेकाड किंवा कुणाचा तरी दगडी गडगा आडवा येतो. नजर लांब जातच नाही, समुद्रावर गेलं तरच. इथे जमीन समुद्रासारखी पसरलेली, आणि काळी. मधूनमधून ज्वारीची हिरवट-पांढरी शेतं आणि करडईची पिवळी-केशरी फुलं. एका शेताशी थांबून मी ढेकूळ हातात घेतलं. ते दगडासारखं कठीण होतं. थुंकीने ओलं करून चोळलं तर लोण्यासारखं झालं.

"लेकरू माती खाऊन राहिलं का काय," फैजल रेखाताईची नक्कल करत म्हणाला.

"खाऊ दे," रेखाताई म्हणाली. "पावसाळ्यात आला असता तर मातीनं त्यालाच खाल्लं असतं, चपलांसकट."

औंढ्याला देवळाच्या दगडी भिंतीवरच्या मूर्ती पाहत मी इतका वेळ फिरलो की फैजल बाहेरून हाका मारत होता. आमच्याकडची देवळं लाकडाची, कौलारू, घरांसारखी. इथे दगडावर एकही जागा रिकामी सोडलेली नाही. हात लावायची हिंमत झाली नाही.

हळदीचं पटांगण

शर्यतीची जागा म्हणजे हळद वाळवायचं सिमेंटचं पटांगण. या भागात हळद मोठी. उन्हाळ्याच्या तोंडाला ती काढून, शिजवून अशा पटांगणांवर पसरतात. जानेवारीत ते रिकामं असतं, म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या हौशी मंडळींनी मालकाला गळ घालून मागून घेतलं होतं. गेल्या हंगामाची हळद सिमेंटच्या सांध्यांत आणि खड्ड्यांत अजून होती. वारा आला की पिवळा धुरळा गुडघ्यापर्यंत उठायचा आणि नाकाला वास यायचा. शर्यतीच्या मैदानाला लग्नघराचा वास येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नियम असा होता की शर्यतीच्या आदल्या दिवशी टायर ठरवायचे, तपासनीस त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देणार, आणि मग बदल नाही. ठिपका नसलेला टायर दिसला की गाडी बाद.

मी पटांगणावर अनवाणी चाललो. सिमेंट गार होतं, खरखरीत होतं, पण वर पिठासारखा थर. तळवा घसरत होता. बाकीच्या बहुतेक गाड्यांना रुंद, नवे टायर चढत होते. मी दोन्ही संचांवरून हात फिरवून पाहिला. मग म्हटलं, "जुनेच ठेवू."

फैजलने कपाळावर हात मारला. "अरे मियाँ, असले टायर आमच्याकडे पत्रा उडू नये म्हणून छपरावर ठेवतात!"

मला कारण सांगता येत होतं, पण जीभ अडखळत होती. नव्या टायरवरचे रबराचे चौकोन उंच असतात, जोरात वळताना ते लवतात आणि गाडी उशिरा वळते. अर्धे झिजलेले ठेंगणे असतात, लवत नाहीत. शिवाय आमची गाडी हलकी, थंडी अशी, आणि धाव मिनिटभराची. तेवढ्यात रुंद टायर तापणारच नाहीत, आणि न तापता पकडणार नाहीत. पुन्हा हा पिवळा थर. रुंद टायर त्याच्यावर तरंगेल, अरुंद टायर त्याला दाबून खाली सिमेंट गाठेल. झिजण्याची हद्द अजून लांब होती, म्हणजे धोका नव्हता. हे सगळं मी खाली बघून सांगितलं.

रेखाताईने फक्त विचारलं, "नक्की?"

"नक्की नाही," मी म्हणालो. "पण हेच."

तपासनिसांनी चारही जुन्या टायरांवर ठिपके दिले.

तांडा

संध्याकाळी तांड्यावर पोचलो. बापू, म्हणजे रेखाताईचे वडील, उंच, सडसडीत, कमी बोलणारे. आईला ती याडी म्हणते. आम्ही गाडीतून उतरायच्या आतच याडींनी पाण्याचे तांबे पुढे केले. शेजारच्या बायकाही जमल्या. त्यांतल्या एका म्हातारीच्या ओढणीला आरसे लावले होते, आणि त्या आरशांत आमची गाडी तुकड्यातुकड्यांनी दिसत होती.

शेतात गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसं भाजली होती. बापू ती तळहातावर चोळून दाणे काढत होते. याला हुरडा म्हणतात हे मला वाचून माहीत होतं, पण ते गरम, हिरवे, गोडसर दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात पडले तेव्हा मी पुढचं सगळं बोलणं विसरलो. बापूंचा हात क्षणभर थांबत नव्हता. मी चोळून बघितलं तर दाण्यापेक्षा माझी कातडीच जास्त निघाली.

"कुठलं म्हणाले तुमी?" बापूंनी विचारलं.

"दापोली. समुद्राजवळ."

"मंग तुमचं आमचं जुनं हाय," ते म्हणाले. "आमच्या वाडवडलांनी बैलांवर मीठ वाहिलं. शेकडो बैल, एकामागं एक. मीठ समिंदराकडनंच यायचं का न्हाई?"

आमच्या गावाजवळच्या खाडीत जुनी मिठागरं होती असं आजोबा सांगायचे. ते मीठ पुढे कुठे जात असेल, हा विचार मी आयुष्यात केला नव्हता. ज्या वाटेने मी एवढं दूर आलो म्हणून मनात फुशारत होतो, ती या माणसांच्या पूर्वजांनी बैलांच्या पायांनी तुडवली होती.

जेवण झाल्यावर बापू गाडीभोवती एक चक्कर मारून आले. चाकांशी थांबले. टपावरच्या नव्या टायरांकडे पाहिलं, मग खालच्या करड्या, झिजलेल्यांकडे.

"पोरीच्या गाडीला जुने काहून?"

"याच्या डोक्यातून निघालंय," फैजलने माझ्याकडे बोट दाखवलं.

बापूंनी वाकून एका जुन्या टायरवरून अंगठा फिरवला.

तेल

सकाळी मी बाहेर आलो आणि जागच्या जागी थिजलो. चारही टायर काळेभोर चकाकत होते. बापू शेवटच्या चाकाशी उकिडवे बसून फडक्याने तेल चोळत होते. शेजारी करडईच्या तेलाची वाटी. बाजूलाही चोळलं होतं आणि जिथे टायर जमिनीला टेकतो तिथेही. गाडी थोडी थोडी ढकलून सगळा घेर त्यांनी पुरा केला होता.

"आता सांगा, नवे दिसून राहिले का न्हाई?" त्यांनी हसून विचारलं. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. "सगळा मुलूख येणार बघायला. पोरगी जुन्या टायरावर आली म्हणतील."

रेखाताई दारात येऊन उभी राहिली. तिने टायर पाहिले, बापूंचा चेहरा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. ती बोलणार नाही हे मला कळलं. टायर माझे होते, तेव्हा बोलायचंही मीच होतं.

मी बापूंजवळ जाऊन बसलो. "बापू, खूप छान दिसतात," मी म्हणालो. "पण तेलाने गाडी घसरेल."

त्यांनी फडकं वाटीवर ठेवलं. मग म्हणाले, "बैलाच्या खुराला तेल लावतो आमी. खूर तडकत न्हाई, बैल चांगला चालतो. कधी घसरला न्हाई. मंग रबराला काहून चालत न्हाई?"

ते रागाने विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचार केला. "बैलाचा खूर मातीत रुततो," मी म्हणालो. "सिमेंटमध्ये टायरला रुतता येत नाही. त्याला नुसतं चिकटून राहावं लागतं."

बापूंनी तेलकट अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पाहिलं. चेहरा उतरला. ते उठले आणि घरात गेले. मला वाटलं, संपलं, मी या माणसाला त्याच्याच अंगणात दुखावलं. पण ते चुलीतल्या राखेचं घमेलं घेऊन बाहेर आले आणि मागून याडी कढत पाणी घेऊन.

त्यानंतर जे झालं तसं मी कुठल्याच गॅरेजात पाहिलेलं नाही. याडी आणि शेजारच्या तीन बायकांनी एकेक चाक वाटून घेतलं आणि राख, कपड्यांची पावडर आणि काथ्याने पातेली घासावीत तसे टायर घासायला घेतले. तपासनिसांचा पांढरा ठिपका पुसला जाऊ नये म्हणून मी एका चाकावरून दुसऱ्या चाकावर पळत ठिपक्यांवर हात झाकत होतो.

"काढ रे हात, दादा, मधेमधे काहून करतो?"

"काकू, ठिपका गेला तर गाडीच बाद!"

"अगं, जावयाचं ताट बी इतकं घासत न्हाई तू!" एक जण याडींना म्हणाली.

"जावई येऊ तर दे आधी," याडी म्हणाल्या. "तवर गाडीच घासते."

ठिपके वाचले, पण बारीक खाचांमध्ये तेल उरलंच. मी सुचवलं, लांबच्या खडबडीत रस्त्याने जाऊ, डांबरच उरलेलं खरवडून काढील. बापू आणि याडी भावकीतल्या एकाच्या जीपने पुढे गेले. रेखाताईने गाडी इतकी सांभाळून हाकली की एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं.

धाव

पटांगणाभोवती बांधलेल्या दोरीच्या पलीकडे इतकी माणसं जमली होती की लोक हट्ट्याच्या आणि वसमतच्या बाजारांची आठवण काढत होते. शंकूंच्या वाटेवर एक चकचकीत गाडी रुंद टायरांवर गेली. पहिल्याच वळणावर तिचं तोंड सरळ राहिलं आणि शंकूंची अख्खी रांग आडवी झाली. टायर तरंगतात हे मी फक्त वाचलं होतं. ते डोळ्यांनी बघताना मला आनंद व्हायला हवा होता, पण आमच्या खाचांत तेल होतं.

प्रत्येक गाडीला तीन धावा होत्या. आमची पहिली वाईट गेली. तिसऱ्या शंकूशी मागचा भाग सरकला, रेखाताईने सावरला, पण दोन शंकू पडले. वेळ ऐकून लोक हसले. मी धावत गाडीशी गेलो. खाचांमधलं उरलंसुरलं तेल आणि पटांगणावरची हळद मिळून टायरांवर दाट पिवळा लेप बसला होता.

याडी दोरी ओलांडून आल्या आणि बघतच राहिल्या. "आता लगीनच लावून टाका हिचं," त्या म्हणाल्या. "हळद तर लागली."

रेखाताई खळखळून हसली. मी आणि बापू मात्र हसलो नाही. त्यांना वाटत होतं तेलाने घात केला. मला वाटत होतं टायरच चुकले, तेल न लावताही हेच झालं असतं. शेवटची शर्यत, समोर आईवडील, आणि मी हट्टाने छपराच्या पत्र्यावर शोभणारे टायर गाडीला ठेवले.

बापूंनी पोतं मागितलं आणि पहिल्या चाकाशी गुडघे टेकले. मग मी, फैजल, याडी. खाचा झिजून उथळ झाल्या होत्या म्हणून पोत्याचं टोक तळापर्यंत पोचत होतं. नव्या टायरची खोल खाच अशी साफ झालीच नसती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आम्ही घासत राहिलो, शेवटी पोत्यावर पिवळं येईना.

दुसऱ्या धावेत शंकू पडला नाही. तिसरीआधी रेखाताईने काच खाली केली. "महेश, हवा?"

बाहेर ऊन चढलं होतं, सिमेंट तापलं होतं. "मागच्या चाकांत थोडी वाढवतो," मी म्हणालो. "मागचा भाग लवकर वळेल. पण सांभाळावं लागेल."

ती फक्त "वाढव" म्हणाली.

त्या धावेचं वर्णन मला नीट करता येणार नाही. मी शेकडो वेळा तिला चालवताना पाहिलंय, पण असं नाही. आमची ती जुनी, खडखडणारी गाडी शंकूंमधून जात होती आणि प्रत्येक वळणावर तिचा सगळा भार बाहेरच्या दोन चाकांवर कलंडत होता. टायर वाकत होते, कण्हत होते, आणि सोडत नव्हते. पिवळा धुरळा मागे भिंतीसारखा उभा राहत होता. आजूबाजूची माणसं आधी ओरडत होती, मग दोरीवर वाकून, टाचा उंचावून बघायला लागली. रबराचे चार तुकडे, आणि त्यांच्यावर एवढा विश्वास टाकणारं माणूस.

आम्ही तिसरे आलो. पहिले दोघं खरोखर सरस होते.

बापू माझ्याजवळ आले. "तेल लावलं नसतं तर पहिली आली असती का?"

मी खरं ते सांगितलं. "तिन्हींतली सगळ्यात चांगली धाव धरतात, बापू. पहिली धाव मोजलीच नाही. तेलाने काही बिघडलं नाही."

त्यांनी मान हलवली. खांदे सैल झाल्यासारखे वाटले. बक्षिसं झाल्यावर आयोजकांनी हौस म्हणून घरच्या माणसांना बसवून एकेक फेरी मारायची मोकळीक दिली. याडींनी हातच जोडले. बापू शिरस्त्राण घालून डावीकडे बसले, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. गाडी गेली, वळली, वळली, आणि शेवटच्या रेघेवर करकचून थांबली.

बापू उतरले. शिरस्त्राण काढायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. ते गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "वळली ते समजलं. पण इतक्या जोरात येऊन जागीच थांबली कशी?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात रेखाताईने माझा दंड धरून मला बाजूला केलं. "थांब," ती म्हणाली. "मी सांगते."

ती त्या पिवळ्या धुळीत चाकाशेजारी मांडी घालून बसली. बापूही बसले. ती त्यांच्या बोलीत बोलू लागली, मला एकही शब्द कळत नव्हता, पण तिची बोटं टायरवरून, ब्रेकच्या चकतीवरून, सिमेंटवरून फिरत होती. बापू मधेच हात धरून थांबवायचे, काहीतरी विचारायचे, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. चार वर्षं ती काय शिकते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं.

फैजल मला म्हणाला, "चल, उशीर होईल, बोलाव तिला."

मी म्हटलं, "नको." आणि आम्ही दोघं शंकू गोळा करायला लागलो.